नव्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनातून टर्र्र आवाज : तीन फेऱ्या वाया, चौथ्या फेरीत आवाज गेला

आधी लक्षण सांगतो, म्हणजे हे आपल्या कामाचं आहे की नाही ते लगेच कळेल.

गाडी दोन दारांची, मागे नावाला दोन सीट. दोन लिटरचं टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स. वय सात महिने, धाव ४,६०० किलोमीटर. आवाज असा की पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून कुणीतरी हलवतंय. कोरडा, टर्र्र. येतो पुढून, शेजारी बसणाऱ्याच्या पायाजवळून. २,३०० ते २,७०० आरपीएमच्या (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मध्येच, तेही अ‍ॅक्सिलरेटरवर पाय हलका असताना. पाय काढला की बंद. ३,००० च्या वर गेलं की बंद. आणि सकाळी गाडी काढल्यावर पहिली पंधरा-वीस मिनिटं अजिबात नाही.

कंपनीचं आणि सर्व्हिस सेंटरचं नाव लिहीत नाही. शेवटी हिशेब केला तर त्यांची चूक थोडी आणि माझी बरीच निघाली.

नव्या कोऱ्या गाडीच्या इंजिनातून आवाज आला की पोटात गोळा येतोच. पहिल्याच रात्री मी बेअरिंग गेलं, चेन सैल झाली, टर्बो बसला अशी तीन निदानं करून मोकळा झालो. सोसायटीत तर विचारूच नका. आम्ही घोडबंदर रोडला, कासारवडवलीच्या अलीकडे राहतो. पार्किंगमध्ये लाल गाडीचं बॉनेट उघडलं की पाच मिनिटांत चार माणसं जमतात आणि चौघंही एकच शब्द काढतात : टॅपेट.

या टॅपेटचं एकदा काय ते सांगून टाकतो. जुन्या इंजिनांत व्हॉल्वच्या वर ठरावीक फट ठेवावी लागे. ती वाढली की टकटक व्हायची आणि मिस्त्री फीलर गेज घालून ती पुन्हा जुळवायचे. आजच्या बऱ्याच इंजिनांत ही फट तेलाच्या दाबानं आपोआप भरून निघते, जुळवायला काही नसतंच. मग बॉनेट उघडल्यावर जी बारीक, भरभर टिकटिक ऐकू येते ती कसली? बहुतेक वेळा इंजेक्टरची आणि पेट्रोलच्या हाय प्रेशर पंपाची. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात हा दाब दोनशे बार किंवा त्याच्याही वर जातो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या दाबाच्या साधारण नव्वदपट. एवढ्या दाबाला उघडझाप करणारा इंजेक्टर गप्प बसेल कसा? ही टिकटिक शोरूममधून गाडी निघाली त्या दिवशीही होती, फक्त तेव्हा आपण बॉनेटमध्ये कान घातला नव्हता.

तसेच आणखी काही निरुपद्रवी आवाज आहेत. गार इंजिन सुरू केल्यावर आरपीएम १,२०० च्या वर चढून अर्धा-एक मिनिट गाडी मोठ्यानं घुमते, ते धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून. गाडी बंद करून आपण लिफ्टपाशी पोचलो तरी मागे पंखा किंवा छोटा पंप घोंघावत असतो, तो बॉनेटखालची आणि टर्बोची उष्णता काढत असतो. टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा पर्ज व्हॉल्व उभ्या गाडीत टक-टक-टक करतो. काही स्पोर्ट्स कारमध्ये तर इंजिनाचा आवाज मुद्दाम नळीतून किंवा स्पीकरमधून आत सोडलेला असतो. पैसे मोजून घेतलेल्या आवाजाला आपण बिघाड समजू नये, एवढंच.

माझा आवाज यांतला एकही नव्हता. पण तो धोक्याचाही नव्हता, आणि हे आधी ठरवणं सगळ्यात महत्त्वाचं. खोलवरून येणारा ठक-ठक असा जड आवाज, जो इंजिनावर भार आला की वाढतो, तो कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा असू शकतो. तसा आवाज आला, किंवा चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा लाल दिवा लागला, तर गाडी बाजूला घ्यायची, इंजिन बंद करायचं आणि टोइंगला फोन लावायचा. ‘हळूहळू घरापर्यंत नेतो’ हा विचार तिथं करायचा नाही, त्या चार किलोमीटरमध्ये क्रँकशाफ्टची, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याची, वाट लागते. इंजिनाचा पिवळा दिवा नुसता लागलेला असेल तर गॅरेजपर्यंत सावकाश जाता येतं, पण तो उघडझाप करत असेल तर मिसफायर होतोय आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतंय, तेव्हाही थांबायचं. आवाज कसलाही असो, आधी डिपस्टिक काढून तेल बघा. मी बघितलं. पातळी बरोबर, दिवे नाहीत, पिकअप नेहमीसारखा. म्हणजे शोधायला सवड होती.

माझे वडील एसटीत मेकॅनिक होते, निवृत्त होऊन बारा वर्षं झाली. ते खाली आले ते हातात लांब स्क्रू ड्रायव्हर घेऊनच. मूठ कानापुढच्या हाडाला टेकवायची आणि पातं इंजिनावर एकेका जागी ठेवायचं. व्हॉल्वचं कव्हर, चेनचं झाकण, अल्टरनेटर, पाण्याचा पंप. मी गाडीत बसून २,५०० आरपीएम धरून ठेवला होता. (हे करायचं तर बाहीची, ओढणीची, लोंबणाऱ्या आयडी कार्डाची काळजी घ्या. आणि बंद बेसमेंटमध्ये तर नकोच, सायलेन्सरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता मारतो.) वीसेक मिनिटांनी त्यांनी बॉनेट खाली आपटलं.

“इंजिन ठीक आहे रे. उगाच खोलायला देऊ नकोस.”

“पण बाबा, तो आवाज तुम्ही अजून ऐकलाच नाही.”

“तेच म्हणतोय मी. उभ्या गाडीत येत नाही ना? मग उभ्या गाडीत शोधतोयस कशाला? आधी केव्हा येतो ते लिहून काढ. कुठून येतो ते मागाहून बघू.”

मला तेव्हा वाटलं, म्हातारा टाळतोय. तीन आठवडे आणि सर्व्हिस सेंटरच्या तीन फेऱ्या घालवल्यावर वही काढली.

त्या तीन फेऱ्या थोडक्यात. पहिल्यांदा गाडी लिफ्टवर चढवली, खालच्या प्लास्टिकच्या ट्रेच्या दोन क्लिपा पडलेल्या निघाल्या, नव्या मारल्या. मला पटलंही. त्याच संध्याकाळी कापूरबावडीच्या पुलावर टर्र्र. दुसऱ्यांदा, गुरुवारी, एका पोरानं सायलेन्सरच्या पाइपावरचा उष्णता अडवणारा पत्रा, ज्याला ते हीट शील्ड म्हणतात, तो हातानं जरा बाजूला वाकवला आणि त्याचा बोल्ट आवळला. आवाज गेला! अकरा दिवस गाडी अशी शांत, की मी त्या पोराला मिठाई द्यायचा विचार करत होतो. बाराव्या दिवसाची वाट न बघता आवाज परत आला. तिसऱ्या फेरीत सल्लागारानं गाडी दोन तास रांगेत उभी केली, मग आवारात एक चक्कर मारली आणि बिलावर छापून दिलं : तक्रार आढळली नाही.

त्याला आवाज खरंच आला नव्हता. तो खोटं बोलत नव्हता, हे मला फार उशिरा कळलं.

वहीत नोंदी करण्याआधी रविवारी पहाटे सहाला, रस्ता मोकळा असताना, गायमुखकडे जाऊन काही साध्या चाचण्या केल्या. या कुणालाही करता येतील, फक्त शेजारी दुसरा माणूस बसवा, एकट्यानं आकडे बघत गाडी चालवू नका. गाडी आधी वीस मिनिटं चालवून पुरती तापवली.

पहिली चाचणी म्हणजे आरपीएम तोच ठेवायचा आणि गिअर बदलायचा. दुसऱ्या गिअरमध्ये २,५००, मग तिसऱ्यात २,५००, मग चौथ्यात. गाडीचा वेग प्रत्येक वेळी वेगळा, पण आवाज तिन्हीत तसाच. म्हणजे चाकं, चाकांची बेअरिंगं, ब्रेक यांचा संबंध नाही, कारण त्यांना आरपीएम कळत नाही, त्यांना वेग कळतो. उलटं झालं असतं, म्हणजे ठरावीक वेगाला कुठल्याही गिअरमध्ये आवाज आला असता, तर इंजिनाचं नाव सोडून द्यायला हवं होतं.

दुसरी क्लचची. गाडी उभी, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबा आणि सोडा. दाबल्यावर खरखर थांबली तर गिअरबॉक्सकडचा मामला, दाबल्यावर सुरू झाली तर क्लचच्या रिलीज बेअरिंगवर संशय. माझ्यात काहीच फरक नाही. एसी बंद-चालू केला, फरक नाही. इंजिनाच्या पट्ट्याचा, म्हणजे बेल्टचा, आवाज असता तर तो चिवचिवाट किंवा किंकाळी असते, पावसाळ्याच्या दमट सकाळी हमखास, आणि पट्ट्यावर थोडं पाणी शिंपडलं की लगेच बदलतो. हा आवाज त्या जातीचा नव्हता.

तिसरी शंका पेट्रोलची. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सगळे दोष देतात, आणि स्पोर्ट्स कारवाले तर जरा जास्तच. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल वेळेआधी किंवा वेडंवाकडं पेटणं, याचा आवाज गोट्या खडखडल्यासारखा येतो, म्हणून मीही घाबरलो होतो. पण या ई-२० पेट्रोलचं ऑक्टेन, म्हणजे नॉकिंगला दाद न देण्याची ताकद, आपल्याकडे ९५ आहे, आधीच्या ९१ पेक्षा जास्त. इथेनॉलमुळे मायलेज थोडं पडतं, नॉकिंग वाढत नाही. शिवाय नॉकिंग होतं ते कमी आरपीएमला वरच्या गिअरमध्ये गाडी ओढायला लावल्यावर, जोरात पाय दाबल्यावर. माझं उलट होतं, जोरात दाबलं की आवाज कमी. तरी खात्रीसाठी स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये ओबीडीचा डोंगल, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं छोटं यंत्र, लावून फोनवर इग्निशन टायमिंग बघितलं. नॉकिंग झालं की कॉम्प्युटर ठिणगी मागे खेचतो. आवाज चालू असताना तसं काही दिसलं नाही.

जाता जाता एक सांगतो. टर्बो गाडी ‘मायलेज मिळावं’ म्हणून सहाव्या गिअरमध्ये १,४०० आरपीएमवर टाकून वर अ‍ॅक्सिलरेटर दाबू नका. अशा इंजिनांत कमी आरपीएमला अवेळी पेट घेण्याचा प्रकार होतो आणि तो पिस्टन फोडू शकतो. २०१८ मध्ये आलेली एसएन प्लस आणि २०२० मधली एसपी ही तेलाची श्रेणी मुख्यतः त्याच भीतीपोटी आली. तेलाच्या डब्यावर ती बघून घ्या, आणि गिअर एक खाली टाका, काही बिघडत नाही.

आता वही. दोन आठवड्यांच्या नोंदींतल्या काही जशाच्या तशा :

सोम. सकाळी ८.१०. गाडी गार. मानपाड्यापर्यंत शांत. कापूरबावडीचा पूल चढताना सुरू. एकटा.

मंगळ. रात्री ९. ऑफिसहून. ऐरोली पुलावर सुरू, घरापर्यंत.

बुध. सकाळी. धो धो पाऊस, वाघबीळला पाणी साचलेलं. ठाण्यापर्यंत आवाज नाही!!

बुध. रात्री. पाऊस थांबलेला. आवाज आहे.

शुक्र. सकाळी पेट्रोल भरायला दहा मिनिटं थांबलो. निघाल्यावर पाच-सहा मिनिटं आवाज नाही, मग सुरू.

त्या बुधवारच्या सकाळपुढची दोन उद्गारचिन्हं तेव्हाची आहेत. तापल्यावर येतो, पाण्यानं गार झालं की जातो, दहा मिनिटं उभी केली की थोडा वेळ जातो. पण बुधवारीही इंजिनाचं तापमान डॅशबोर्डवर नेहमीएवढंच होतं. मग पावसानं काय गार होतं? इंजिन नाही. गाडीच्या पोटाखाली उघड्यावर असलेली एकच तापणारी वस्तू, सायलेन्सरचा पाइप.

हे मी बायकोला मोठ्या उत्साहानं सांगत होतो. तिनं वही हातात घेतली, मागची पानं चाळली आणि म्हणाली, “तो मधे अकरा दिवस गेला होता ना आवाज? तो परत कधी आला?”

“सोमवारी.”

“आणि आदल्या दिवशी आपण डोंबिवलीला आईकडे गेलो होतो. चौघं. त्याच्या आधीच्या रविवारी पिंकीची परीक्षा म्हणून कुठं गेलोच नाही. येताना रॅम्पवर खालून खर्रकन घासलं, तू रेडिओ मोठा केलास.”

केला होता. नाकारण्यात अर्थ नव्हता.

आमचं पार्किंग दुसऱ्या पोडियमवर. रॅम्प जिथं वर संपतो तिथं उतार आणि सपाट जमीन यांचा चांगला टोकदार माथा आहे. माझी गाडी रिकामी असताना जमिनीपासून १३० मिलिमीटर वर. चार माणसं आणि डोंबिवलीहून दिलेल्या लोणच्याच्या बरण्या भरल्यावर ती आणखी बसते, आणि त्या माथ्यावर पुढची चाकं पलीकडे, मागची अलीकडे असताना मधलं पोट टेकतं. पोटाखाली सगळ्यात खाली असतो सायलेन्सरचा पाइप. गतिरोधकांना उगाच शिव्या देत होतो. नियमाप्रमाणे बांधलेला गोलसर गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, त्यावरून ही गाडी सावकाश सुखरूप जाते. घात करतात ते लोकांनी रात्रीत घातलेले डांबराचे उंचवटे आणि असे रॅम्पचे माथे.

एवढा माग लागल्यावर सर्व्हिस सेंटरला जाण्याआधी वागळे इस्टेटमध्ये एका सायलेन्सरचं वेल्डिंग करणाऱ्या काकांकडे गेलो. गाळा एवढासा, दारातच पिट, भिंतीवर गंजके सायलेन्सर टांगलेले. मी वही उघडून वाचायला लागलो.

“थांबा साहेब. गाडी आत्ता गार आहे की गरम?”

“चहाला थांबलो होतो, अर्धा तास झाला.”

“बरं झालं. गारच पाहिजे.”

पिटमध्ये उतरून त्यांनी आधी सायलेन्सरवर बंद मुठीनं दोन-चार ठोसे मारले. सुट्या पत्र्याचा आवाज यातच सापडतो बहुतेकदा. काही वाजलं नाही. मग खिशातून वेल्डरचा तो पांढरा चपटा खडू काढला आणि हीट शील्डच्या आतल्या अंगाला, जिथं जिथं हात पोचला तिथं, रांगोळीच्या रेघा ओढल्यासारख्या रेघा ओढल्या. म्हणाले, चला, एक चक्कर मारून येऊ. मुलुंड चेकनाक्यावरून हायवेला लागून परत, पंचवीस मिनिटं. नितीन कंपनीच्या पुलावर आवाज सुरू झाला तेव्हा काका डोळे मिटून बसले होते, फक्त मान हलवली.

परत आल्यावर दाताच्या डॉक्टरकडे असतो तसला छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ते खाली गेले. तापलेल्या पाइपाला हात न लावता आरशातून बघायचं. “या, बघा.” खडूच्या सगळ्या रेघा जशाच्या तशा होत्या, एका ठिकाणी सोडून. तिथं कुंकवाच्या टिकलीएवढा ठिपका पुसला गेला होता आणि खालचा पत्रा आरशासारखा चकचकीत झाला होता. नवी घासण नव्हती ती, कित्येक दिवसांची.

मग त्यांनी टॉर्च मागे नेला. पाइप ज्या रबरी कड्यांवर टांगलेला असतो त्यातल्या मधल्या कड्याची सळई, म्हणजे हँगर, मागच्या बाजूला कललेली होती, आणि तिच्याजवळच्या जोडावर सिमेंटचा राखाडी ओरखडा. “वाजतंय पुढं, मार बसलाय मागं. रॅम्पवर टेकली की पाइप मागं ओढला जातो, आणि सळई वाकली म्हणून पूर्ण पुढं येत नाही. त्यांनी पुढचा पत्रा वाकवून जागा केली, तुम्ही परत टेकवली, जागा परत गेली.” मी सरळ करून द्या म्हटलं तर नको म्हणाले. “नवी गाडी आहे, वॉरंटीत आहे. माझा हात लागला तर ते त्याचंच निमित्त करतील. त्यांना दाखवा.” तीनशे रुपये घेतले.

घरी येऊन कागदावर गणित केलं तेव्हा सगळ्या नोंदी एकेक करून जागेवर बसल्या. सायलेन्सरसाठी वापरतात ते साधं स्टेनलेस स्टील एका अंशाला साधारण दहा लाखांत साडेअकरा भाग वाढतं. पुढच्या टोकापासून त्या कड्यापर्यंत पाइप सुमारे दीड मीटर. गारपेक्षा सरासरी ४०० अंश तापला असं धरलं तर वाढ होते जवळजवळ ७ मिलिमीटर. गार असताना पाइप आणि पत्रा यांत उरलेली फट माझ्या करंगळीच्या निम्मीही नव्हती. गार गाडीत फट, तापल्यावर स्पर्श. पावसाच्या पाण्यानं पाइप आखडला की परत फट. सर्व्हिस सेंटरच्या रांगेत दोन तास उभी राहिली की परत फट, आणि लिफ्टवर तर इंजिनावर भारच नाही. रस्त्यावर भार येतो तेव्हा इंजिन आपल्या रबरी माउंटवर किंचित कलतं आणि पाइपाला सोबत घेऊन जातं. हलक्या भाराला पाइप पत्र्याला जेमतेम टेकतो, म्हणून टर्र्र. जोरात दाबलं की घट्ट चिकटतो, म्हणून गप्प.

आणि २,३०० ते २,७०० च का? चार सिलिंडरच्या फोर स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्याला दोन स्फोट होतात. आरपीएमला तीसनं भागा, सेकंदाला किती ठोके ते मिळतं. माझ्या पट्ट्यात ७७ ते ९०. त्या पत्र्याची स्वतःची थरथर नेमकी त्याच घरातली. त्याखाली आणि त्यावर तो साथ देत नाही.

चौथ्यांदा गेलो तेव्हा जॉब कार्डवर ‘इंजिनातून आवाज’ असं लिहू दिलं नाही. मी सांगितलेलं हे : ‘गाडी किमान २० मिनिटं चालवल्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, २,५०० आरपीएम, हलका अ‍ॅक्सिलरेटर. गार गाडीत तपासू नये. मधला हँगर वाकलेला, हीट शील्डच्या आतून घासल्याची खूण.’ शिवाय व्हिडिओ. व्हिडिओच घ्या, व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट बोलण्यासाठी केलेली असते, तिच्यात अशी खरखर मार खाते. सल्लागाराशी न बोलता फोरमनला शेजारी बसवलं आणि गाडी तापलेली असतानाच सर्व्हिस रोडला एक फेरी मारली. तीनशे मीटरवर तो म्हणाला, “वळवा साहेब, कळलं.”

दुरुस्ती दीड तासाची. बॉडीला बोल्टनं बसणारा तो ब्रॅकेट सळईसकट बदलला, दोन रबरं नवी घातली. पाइपाचे सगळे क्लॅम्प सैल केले, कुठंही ताण न येता तो आपल्या वजनानं टांगला जाऊ दिला, गार असताना पत्र्यापासून १५ मिलिमीटर फट ठेवली आणि पुढून मागे अशा क्रमानं क्लॅम्प आवळले. मग गाडी चालवून तापवली, परत बघितली, एक क्लॅम्प आणखी आवळला. नुसता ब्रॅकेट बदलून बाकीचं तसंच ठेवलं असतं तर पाइप ताणातच राहिला असता, हे फोरमननं स्वतःहून सांगितलं, म्हणून त्याच्यावरचा राग गेला. बिल ४,२०० रुपये, माझ्या खिशातून. खालून टेकवल्याचं नुकसान वॉरंटीत येत नाही आणि यायलाही नको.

त्यानंतर १,३०० किलोमीटर झाले, त्यात गायमुखचा घाट सात-आठ वेळा, आवाज नाही. पुढच्या सर्व्हिसच्या जॉब कार्डवर ‘पाइप आणि हीट शील्डमधली फट गार असताना मोजणे’ असं आताच लिहून ठेवलंय.

रॅम्पचा माथा तासून जरा गोल करून द्या असा अर्ज सोसायटीच्या कमिटीला दिला. सेक्रेटरी म्हणाले, “तुमच्या एका गाडीसाठी?” तोवर चौघं असलो की तिघांना गेटवर उतरवतो, रॅम्प तिरका चढतो आणि रेडिओ बंद ठेवतो. लोणच्याच्या बरण्या बायकोच्या हातात असतात.